नाशिकमधून राज्यशास्त्रात बी. ए. केल्यावर ‘आशियाई राजकारण व समाज’ या विषयात एम. ए. करावे का?

भाषा शिकण्याची तयारी असेल तर जरूर करावे. ती नसेल तर मी सर्वसाधारण राज्यशास्त्रच सुचवीन.

या विषयात राज्यसंस्था, धर्म, जात, शेती, स्थलांतर आणि व्यापार यांचा एकत्र विचार करावा लागतो, आणि त्यासाठी नाशिकइतकी जवळची प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांदा निर्यातबंदी लागू केली, तेव्हा लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉल्या भरून आलेल्या शेतकऱ्यांना मिळणारा भाव आणि ढाक्याच्या बाजारात गिऱ्हाइकाला मोजावी लागणारी किंमत ही एकाच निर्णयाची दोन टोके होती. दिल्लीतील निवडणुकीचे गणित, बांगलादेशाचे आयातीवरील अवलंबित्व आणि चांदवड-निफाडचा रोष यांची सांगड घालता येणे, हेच या अभ्यासाचे खरे काम आहे.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अध्ययन विभाग हे पर्याय पाहावेत. दोन्हीकडील प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामायिक प्रवेश परीक्षेची माहिती आधी घ्यावी. परदेशात 1916 मध्ये स्थापन झालेली लंडनची सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) ही संस्था नावाजलेली आहे, मात्र तिथला खर्च मोठा असल्याने शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत आशियाई-आफ्रिकी देशांच्या 1955 च्या बांडुंग परिषदेपासून वाचनाला सुरुवात करावी आणि चिनी, जपानी किंवा बांगला यांपैकी एक भाषा आजच हाती घ्यावी.