झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि फक्त रात्री श्वसन करतात, हे खरं का?

अर्धंच खरं. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. श्वसन मात्र चोवीस तास चालूच असतं. दिवसा ते लक्षात येत नाही, कारण भर उन्हात पान जितका ऑक्सिजन वापरतं त्याच्या कितीतरी पट बाहेर सोडतं.

हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणांत, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर बनते, उन्हातली ऊर्जा तिच्यात साठते. पण साखर म्हणजे बँकेतली ठेव. पेशीला रोजच्या खर्चाला सुट्टे पैसे लागतात, ते म्हणजे एटीपी, पेशीला लगेच वापरता येणारा ऊर्जेचा रेणू. साखरेची ही मोड करून देणं म्हणजेच श्वसन, आणि ती मुख्यतः तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, मिळते: ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण 30 ते 32 एटीपी. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

मोडीवरून आठवलं. मटकीला मोड आणायला बांधलेली पुरचुंडी सोडून आत हात घाला, ऊब लागते. तिथं ना ऊन, ना हिरवं पान. दाण्यातला स्टार्च वापरून नुसतं श्वसन चाललेलं असतं. कोंबाला हिरवी पानं फुटेपर्यंत सगळा कारभार या शिदोरीवरच.

आणि हो, पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. परीक्षेत बरेच जण इथंच चुकतात.