सर्वात मोठा बुद्धिबळपटू कसा ठरवायचा?

प्रश्न: राम राम भाऊ. आमच्या वाचनालयात रविवारी बुद्धिबळ चालतं, डाव कमी अन् वादच जास्त. पोरं म्हणतात कार्लसनचं रेटिंग सगळ्यात जास्त, विषय संपला. आम्ही जुने लोकं कास्पारोव्हवाले. नेमकं काय बघायचं भो?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, रेटिंगवरून नका ठरवू. कार्लसनचं २८८२ आजपर्यंत कोणी गाठलं नाही हे खरंय, पण रेटिंग म्हणजे त्या त्या काळातल्या खेळाडूंशी तुलना, आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) ते सुरूच केलं १९७० मध्ये, मग लास्कर अन् कापाब्लांका या त्याआधीच्या विश्वविजेत्यांना कुठं बसवणार? नुसती वर्षं मोजून पण भागत नाही. लास्कर २७ वर्षं चॅम्पियन होता, पण १९१० नंतर किताबाची मॅच तो थेट १९२१ ला खेळला अन् हरला, मधे महायुद्ध.

मी बघतो की समोर कोण होतं. कास्पारोव्ह अन् त्याच्या आधीचा विश्वविजेता कार्पोव्ह १९८४ ते १९९० मध्ये किताबासाठी पाचदा भिडले, १४४ डाव, त्यातले १०४ बरोबरीत, कास्पारोव्हने जिंकले २१ अन् कार्पोव्हने १९. फरक फक्त दोनचा! इतका तगडा माणूस सहा वर्षं समोर बसलेला असताना किताब टिकवणं, याला मी मोठेपणा म्हणतो.

त्यातला १९८७ चा, स्पेनमधल्या सेव्हिलचा शेवटचा डाव बघाच. आदल्या डावात हरून कास्पारोव्ह एका गुणाने मागे, २४ वा जिंकला नाही तर किताब गेला, अशा वेळी कोणीही पहिल्यापासून तुटून पडेल, पण याने सोंगट्यांची मारामारी टाळली अन् हळूहळू दाब वाढवत नेला, कार्पोव्हला वेळ पुरेना. डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालला तेव्हा कास्पारोव्हकडे एक प्यादं जास्त होतं, तेवढ्यावर ६४ चालींत जिंकला. १२-१२, अन् बरोबरी झाली की किताब आधीच्या विजेत्याकडेच राहायचा, म्हणजे किताब घरात.

फिशरने १९७१ मध्ये किताबाच्या पात्रता मॅचमध्ये तायमानोव्ह अन् लार्सन दोघांना ६-० ने धुतलं, तसं परत कोणाला जमलं नाही, पण १९७२ ला चॅम्पियन झाल्यावर २० वर्षं खेळलाच नाही, म्हणून माझ्याकडे तिसरा. कार्लसन पाच वेळा किताबाची मॅच जिंकला, क्लासिकलमध्ये (म्हणजे लांब वेळेच्या खेळात) सलग १२५ डाव हरला नाही, तरी कार्पोव्हसारखा एकच वैरी पुन्हा पुन्हा त्याच्या वाट्याला आला नाही, म्हणून एका केसाने दुसरा. आणि आपल्या आनंदला विसरू नका, नॉकआउट (हरला की बाहेर), टूर्नामेंट (सगळ्यांशी खेळायचं) अन् मॅच (दोघांतच), तिन्ही प्रकारांत तो विश्वविजेता झालाय.

रविवारी सेव्हिलचा तो डाव पोरांसमोर मांडा, पांढरी कास्पारोव्हची.