पहिलं क्वार्टेट वादकांच्या हाती देण्याआधी

तुझं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना) पुण्यात पहिल्यांदा वाजणार, फार आनंद झाला! आता स्कोअर, म्हणजे चौघांचं एकत्र लिहिलेलं संगीत, बाजूला ठेव आणि चौघांचे पार्ट, म्हणजे प्रत्येकाची वेगळी पानं, एकेक करून तपास. पान उलटायची जागा विरामावरच यायला हवी, कारण वादकांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. व्हायोलाला आल्टो क्लेफच (मधल्या पट्टीच्या स्वरांसाठीचं स्वरलेखनाचं चिन्ह) दे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, हवी असेल तर नुसती तिरकी रेघ पुरत नाही. स्वर कुठल्या मात्रेला सुटतो, कुठे टेकतो, सगळं लिही. शिवाय तालमीत गाऊन दाखव. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या वादकांना ते कानानेच पटतं.

पहिल्या तालमीत मध्ये मध्ये थांबवू नकोस, सलग ऐक. कार्यक्रमात तुझी रचना सुरुवातीला नको, तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात. हायडन या जुन्या युरोपीय संगीतकाराच्या रचनेनंतर, मध्यंतराआधी ठेव. रेकॉर्डिंगची सोय आधीच कर. पुढचा कार्यक्रम मिळवायला तेच दाखवावं लागतं.