मामांची बोट, सेंटर कन्सोल आणि नऊ महिन्यांची शिल्लक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले आणि दुसऱ्यांदा ती ओळ, ‘मामांनी याच बोटीवर मला वल्हं धरायला शिकवलं.’ ही ओळ बाजूला ठेवून दिलेला सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही, म्हणून दोन्ही समोर ठेवूनच लिहितो आहे.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. यांच्याकडे पाच मीटरची, तीसेक वर्षं जुनी, रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट आहे. आत आडवे तीन बाक, मागे हाताच्या दांड्यानं वळवायची २५ अश्वशक्तीची मोटर. मधला बाक काढून सपाट डेक टाकायचा, मध्यभागी उभं राहून चालवता येईल असं कन्सोल, म्हणजे चाक आणि कंट्रोल बसवलेला उभा खोका, बसवायचं आणि ४० अश्वशक्तीची नवी मोटर लावायची, असा बेत आहे. खर्च त्यांनी रकमेत न सांगता घरखर्चाच्या महिन्यांत सांगितला आहे. ही पद्धत मला फार आवडली, कारण त्यातून पैशाचं खरं वजन कळतं. बोटीच्या कामाला अडीच महिन्यांचा घरखर्च आणि मोटरला तीन, म्हणजे एकूण साडेपाच. हाताशी शिल्लक नऊ महिन्यांची. घरात कमावणारे हे एकटेच. तयार, वापरलेली सेंटर कन्सोल बोट मोटर आणि ट्रेलरसकट सात महिन्यांच्या खर्चात मिळते आहे. शिल्लक मोडून जुनी बोट बदलावी की कर्ज काढून तयार बोट घ्यावी, हा त्यांचा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की आज यातलं काहीच करू नका. आधी एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि बोटीच्या मागे जाऊन उभे राहा. का, ते सांगतो.

तुम्ही एकटे कमावते आहात, तेव्हा नऊपैकी सहा महिन्यांची रक्कम बोटीसाठी नाहीच असं धरून चाला. ती आजारपणाची आणि नोकरी गेली तर लागणारी रक्कम आहे. उरली तीन महिन्यांची. म्हणजे साडेपाचचा बेत आजच्या घडीला तुमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि तो आकडाही मला अपुरा वाटतो.

तुम्ही पाठवलेल्या यादीत डेकच्या फळ्या, कन्सोल, रंग, बैठका, मासे शोधायचं यंत्र आणि दिवे आहेत. म्हणजे डोळ्याला दिसणारं सगळं आहे. मोटर ज्यावर टांगलेली असते तो मागचा आडवा भाग, ज्याला ट्रान्सम म्हणतात, तो यादीत नाही. चाकापासून मोटरपर्यंत जाणारी स्टिअरिंगची केबल, गिअर-थ्रॉटलचा कंट्रोल आणि त्याच्या केबल नाहीत. दांड्याची मोटर चाकावर चालवायची तर हे सगळं नव्यानं घ्यावं लागतं, आणि काही जुन्या मोटरींना तसं जोडकाम बसतच नाही. बॅटरीचा डबा, फ्यूज, पाणी उपसायचा पंप, डेकखालचा फोम, तपासणीची फी, विम्यातली वाढ यांचाही उल्लेख नाही. हे सगळं धरून आणि चुकतमाकत होणाऱ्या कामासाठी एक चतुर्थांश रक्कम वर ठेवून मी हिशेब मांडला, तेव्हा अडीचचे साडेतीन ते चार झाले. त्यात मोटरचे तीन मिळवा. साडेसहा ते सात. म्हणजे तयार बोटीच्या किमतीलाच आपण येऊन टेकलो. स्वस्त पर्याय म्हणून तुम्ही ज्याकडे पाहत होता तो स्वस्त नाही, आणि यात तुमच्या सुट्ट्यांचे तास मी धरलेलेच नाहीत.

आता या खर्चाकडे बघायची माझी एक पद्धत सांगतो. बोटीवर घातलेला पैसा दोन प्रकारचा असतो. एक उद्या बोल्ट सोडून दुसऱ्या बोटीवर नेता येतो: मोटर, ट्रेलर, मासे शोधायचं यंत्र, बॅटरी, जीवरक्षक जॅकेटं. दुसरा बोटीतच जिरतो: डेक, फळ्या, रंग, वायरिंग, फोम आणि मजुरी. बोट विकायची वेळ आली तर पहिल्या प्रकारातला बराचसा पैसा परत मिळतो. दुसऱ्यातला जवळजवळ काहीच मिळत नाही. घरी बदललेली बोट घेणारा माणूस डेक किती सुबक आहे हे बघून खूश होतो, पण भाव जुन्या बोटीचाच लावतो, कारण डेकखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. हे त्याचं चुकत नाही. तुमच्या सातपैकी चार महिन्यांचा घरखर्च या दुसऱ्या खात्यात चालला आहे. तयार बोटीत तो खड्डा आधीच्या मालकानं भरलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी एका अशीलाबरोबर मी त्याची बोट बघायला गेलो होतो. असाच बेत होता. मोटर घेऊन झाली होती, कन्सोल बनवून झालं होतं, बैठकांना शिलाई चालू होती. ट्रान्सम बाहेरून चकचकीत दिसत होता, कारण बाहेरून नुसता पत्राच दिसतो. ताकद असते ती आतल्या प्लायवूडमध्ये. त्यानं मोटरचा एक बोल्ट काढला आणि त्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळा, ओला भुसा चिकटला होता, भिजून वाळलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्याची मोटर आज दुसऱ्या बोटीवर उत्तम चालते आहे. कन्सोल मात्र अजून त्याच्या शेडमध्ये उभं आहे. कुठला पैसा उठून जातो आणि कुठला बसून राहतो, हे मला त्या दिवसाइतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

म्हणून आधी तपासणी. तिला फारसा पैसा लागत नाही, एक रविवार लागतो. मोटर थोडी वर करून तिच्या खालच्या टोकावर हातानं भार द्या आणि ट्रान्समकडे बघा. पत्रा वाकतो का, सांध्यात केसाएवढी फट उघडझाप होते का? मग बोल्टच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर. लाकूड कोरडं आणि टणक असेल तर टोक रुतणार नाही.

त्यानंतर रिव्हेट. बोट ट्रेलरवर असतानाच आत थोडं पाणी ओता आणि खाली वाकून कुठून टिपकतं तिथे खडूनं खूण करा. थोडं म्हणजे खरंच थोडं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तुमच्या बोटीत दहा सेंटीमीटर पाणी भरलंत तर जवळजवळ अर्धा टन भार होईल, आणि ट्रेलरवर टेकलेल्या दोन-चार जागांवर तो सगळा येईल. चार-पाच रिव्हेट गळत असतील तर काळजी नाही, त्या पुन्हा ठोकता किंवा बदलता येतात. ओळच्या ओळ गळत असेल, किंवा रिव्हेटभोवती पत्र्याला तडे असतील, तर ती बोट पैसे घालण्याची नाही.

तिसरी गोष्ट फोम. बाकांखाली आणि तळाशी तो भरलेला असतो, बोट पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून. कोरडा असला तर त्याचं वजन नगण्य, घनमीटरला साधारण ३२ किलो. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की तो पाणी धरतो. दोनशे लिटर फोमनं निम्मं पाणी प्यायलं तर शंभर किलो वाढले, म्हणजे दीड माणूस कायमचा बोटीत बसलेला, आणि वर तरंगवण्याची ताकदही गेली. एका बाकाची पट्टी खोलून फोमचा तुकडा काढा आणि पिळून बघा.

आणि मधला बाक. तो काढायचा असं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. रिव्हेटच्या बोटीत ते नुसतं बसायचं आसन नसतं. दोन्ही बाजूंचे पत्रे आत-बाहेर होऊ नयेत म्हणून तो त्यांना धरून ठेवतो. तो काढला तर त्याच्या जागी तळाला आडव्या-उभ्या पट्ट्यांचा आधार द्यावाच लागतो, आणि त्यातला फोम डेकखाली पुन्हा बसवावा लागतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि त्याचा खर्च वेगळा लिहा. स्वस्तात करून देणारा मिळाला तर त्याला एक प्रश्न जरूर विचारा: फळी कुठली वापरणार? कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं प्लायवूड अ‍ॅल्युमिनियमला चिकटून ओलं राहिलं की पत्रा खातं. तळाला तांब्याचा रंगही तसाच घातक. स्टेनलेसचे स्क्रू पत्र्यात मारायचे तर मध्ये गंजरोधक लेप हवा. उत्तर देताना तो अडखळला तर त्याला काम देऊ नका. चार महिन्यांचा घरखर्च दोन-तीन हंगामांत भोकं होऊन जाताना पाहणं फार वाईट.

पैशाआधी आणखी एक गोष्ट करून बघा. पुठ्ठ्याचं साठ सेंटीमीटर रुंद खोकं घ्या, कंबरेएवढं उंच. ते बोटीच्या मध्यभागी ठेवा आणि तुम्ही, पत्नी आणि मुलगी तिघांनी जागा बदलून बघा. तुम्ही तळाची रुंदी सव्वा मीटर लिहिली आहे. म्हणजे खोक्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बत्तीस सेंटीमीटर उरतात. जाळी किंवा गळ हातात घेऊन तिथून सरकताना तुमचा हात आपोआप बोटीच्या काठाकडे जाईल, आणि तेव्हा बोट त्या बाजूला कलेल. डेक उंच केला, त्यावर कन्सोल आलं, त्यामागे माणूस उभा राहिला की सगळा भार वर सरकतो. रुंद बोटीला हे जाणवत नाही. तुमच्या बोटीला जाणवेल.

४० अश्वशक्तीचंही तसंच. बोटीवर कुठेतरी क्षमतेची पाटी असेल, तिच्यावर किती माणसं, किती वजन आणि कितीपर्यंतची मोटर हे लिहिलेलं असतं. त्याहून मोठी मोटर लावली तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. बदललेल्या जुन्या बोटीला विमा देण्याआधी पुष्कळ कंपन्या तपासनिसाचा अहवालही मागतात, म्हणून फळी कापण्याआधी विमा कंपनीला बेत लेखी कळवा.

कर्जाबद्दल. तयार बोट सातची, तुमच्याकडे मोकळे तीन, म्हणजे चार महिन्यांच्या खर्चाइतकं कर्ज. समजा दर बारा टक्के आणि मुदत तीन वर्षं, तर शंभराला एकशे वीसच्या आसपास परत जातात. चारचे जवळजवळ पावणेपाच होतात. हप्ता महिन्याच्या घरखर्चाच्या तेरा-चौदा टक्के. तुम्ही दरमहा घरखर्चाच्या वीस टक्के वाचवता असं लिहिलं आहे, म्हणजे हप्ता झेपेल, हे मी मान्य करतो. तरीही मी नको म्हणेन. तीच बचत बाजूला टाकत गेलात तर वीस महिन्यांत चारची तूट व्याजाशिवाय भरून निघते. बोटीला दरवर्षी किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास देखभाल धरावी असा ढोबळ ठोकताळा आहे. हप्ता आणि देखभाल एकाच वर्षात सुरू झाली की त्या वीस टक्क्यांतलं फारसं काही उरत नाही, आणि तुमच्या घरात दुसरा पगार नाही.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. ट्रान्सम आणि रिव्हेट चांगले निघाले तर बोट ठेवली असती, पण सेंटर कन्सोल केलं नसतं. मधला बाक तसाच ठेवून उजव्या काठाला लागून छोटं साइड कन्सोल बसवलं असतं. एका बाजूला सलग वाट मिळते, सांगाड्याला हात लागत नाही. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी डाव्या अंगाला सरकवून भार सांभाळता येतो. मोटर आहे तीच, तिला चाकाचं जोडकाम बसत असेल तर. बसत नसेल तर दांड्याला लांब मूठ जोडली की उभं राहूनही चालवता येते, आणि त्याला नाममात्र खर्च येतो. हे सगळं दीड महिन्याच्या घरखर्चात बसावं. तुमच्या मोकळ्या तीनमधले निम्मे हातात राहतात. दोन हंगाम असे काढा, दरमहाची बचत चालू ठेवा. तेव्हाही सेंटर कन्सोलच हवं वाटलं तर रुंद, वेल्डिंगची, तयार बोट रोखीनं घ्या. यंत्र आणि बॅटरी तिकडे उठून जातील, आणि क्षमता जुळत असेल तर मोटरही.

ट्रान्सम कुजलेला निघाला तर मात्र मन घट्ट करावं लागेल. तो बदलता येतो, आणि केवळ मामांसाठी तो बदलावासा वाटला तर मी अडवणार नाही. फक्त तो खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नका. प्रवासाला किंवा लग्नकार्याला काढतो तसा काढा, तीनच्या आतून, आणि परत येईल ही अपेक्षा न ठेवता. अशा खर्चाला माझ्या हिशेबात जागा आहे. फसवणूक होते ती त्याला नफा म्हटल्यावर.

कन्सोलवाल्याला आगाऊ रक्कम देऊन ठेवली आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. ती परत मिळते का ते उद्याच विचारा. मिळाली नाही तर ती गेली असं समजा, ती वाचवण्यासाठी पुढचे चार महिने घालू नका. तपासणी झाली की मला तीन गोष्टी कळवा: टोक किती आत गेलं, खडूच्या खुणा किती झाल्या आणि पाटीवर कितीचा आकडा आहे. त्यावरून आपण पुढचा हिशेब मांडू.