ब्लॉकमध्ये डेक्समेड: आधी अँप्यूल हातात घेऊन बघा

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत: सुप्राक्लॅविक्युलर ब्लॉकमध्ये (गळपट्टीच्या हाडाच्या वर इंजेक्शन देऊन हात बधिर करणं) बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर डेक्समेडेटोमिडीन (डेक्समेड, ब्लॉक लांबवणारं गुंगीचं औषध), मिश्रण नेहमीचंच, आणि वॉर्डातून फोन की पेशंट हाक मारली तरच डोळे उघडतोय, नाडी 44. तुमचं हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे कोल्हापुरात हुबेहूब हेच झालं होतं.

हॉस्पिटलच्या औषध स्टोअरने हल्ली अँप्यूल बदललंय का, ते आधी बघा. आमच्याकडे 50 मायक्रोग्रॅमचं, अर्ध्या मिलीचं यायचं. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सगळ्यांच्या तोंडी एकच, 'एक अँप्यूल घाला'. मग त्याच ट्रेमध्ये 100 चं, एक मिलीचं येऊन बसलं. दर मिलीला औषध तेवढंच, पण अँप्यूलमध्ये दुप्पट. शिरोलीच्या फौंड्रीतला तरणाबांड गडी, नाडी चाळिशीत. नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन, ऑक्सिजन, रात्रभर मॉनिटर. सुखरूप घरी गेला. स्टोअरचं उत्तर मात्र मला आजही पचलेलं नाही: 'औषध तेच आहे, रेट कमी लागला म्हणून घेतलं.' पॅक बदलला तर ओटीला कळवा, एवढंच मागितलं होतं. त्यावर म्हणे फॉर्म भरा, मग त्यावर सही आणा, मग खरेदी समितीची बैठक होऊ दे. माणसाच्या जिवापेक्षा रेट मोठा कसा होतो?

आम्ही तेव्हापासून सिरिंजवर मायक्रोग्रॅम लिहितो आणि सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवतो.

आता माझं मत. पेशंट मी पाहिलेला नाही, आणि ब्लॉक लांबवायची ही जोड-औषधं नसेजवळ (मज्जातंतूजवळ) देणं लेबलबाह्य आहे, म्हणजे मंजूर वापरात बसत नाही, तेव्हा वरिष्ठांशी बोलूनच ठरवा. रात्रीचं दुखणं लांबवायचं एवढाच हेतू असेल तर मी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून देतो. नसेजवळ दिल्याने पदरात थोडंच जास्त पडतं. शिवाय रोपिवाकेन या बधिरीच्या औषधात ते मिसळलं तर स्फटिक धरू शकतात, आणि बऱ्याच वायल्समध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतं. मधुमेह्यांची साखर तेवढी बघायची. नाडी मुळातच मंद असेल, बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) चालू असेल किंवा रात्री वॉर्डात मॉनिटर नसेल, तर डेक्समेडच्या वाटेला जाऊच नका. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध नसेजवळ कधीच नाही.

आणखी एक. यंत्रात चिरडलेला हात असेल तर ब्लॉक लांबवायच्या आधी सर्जनशी बोला. कंपार्टमेंट सिंड्रोमचं (सुजेने स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) दुखणं बधिर हातात झाकलं जाऊ शकतं. अशा हाताच्या ब्लॉकमध्ये मी लांबवणारं काहीच जोडत नाही.