निधी मोडू की हप्ते घेऊ? दोन्ही नको

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. चौघंही चार हंगाम राखलेल्या, म्हणजे स्की केंद्राने तयार ठेवलेल्या उतारांवर स्की करतोय. आता मुलांना बॅककंट्रीत न्यायचंय, म्हणजे लिफ्ट नाही, स्वतःच्या पायांनी चढायचं आणि मोकळ्या डोंगरातून उतरायचं. चौघांचं सगळं सामान नवं घेतलं तर आणीबाणीच्या निधीतल्या सहा महिन्यांपैकी तीन महिन्यांचे पैसे जातात. दुकानदार बिनव्याजी हप्ते देतोय. शिवाय ओळखीचं एक कुटुंब आपलं वापरलेलं सामान विकतंय. काय करू?

ताई, निधी मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. जुन्या सामानाचं शेवटी सांगतो, कारण तिथे उत्तर सरळ नाही.

तुम्ही यादीतल्या सगळ्या वस्तूंची एकच बेरीज केलीत, घोळ तिथे झालाय. त्या यादीत दोन जातीचं सामान आहे. बूट, स्की आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) मुलांना लहान पडतात. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं सिग्नलयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं लहान पडत नाही. पहिल्या जातीवर मोठी रक्कम घालणं म्हणजे पैसे घालून घसारा विकत घेणं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मुलीसाठी मी टूरिंगचे, म्हणजे स्की लावून डोंगर चढायचे बूट मुद्दाम एक माप मोठे घेतले होते, दोन हंगाम चालतील या हिशोबाने. राखलेल्या उतारावर कदाचित खपलं असतं. पण चढताना टाच मोकळी असते, आणि सैल बुटात प्रत्येक पावलाला ती वर-खाली घासते. तासाभरात ती गप्प झाली. बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला. तिथूनच परतलो. पुढच्या हंगामापर्यंत तो बूट तीनदा वापरला गेला आणि मग खरंच लहान झाला. दिवसामागे पडलेला खर्च मी बायकोला आजतागायत सांगितलेला नाही.

बाइंडिंगचं त्याहून गंभीर आहे. पडल्यावर ती किती जोराला सुटावी हे स्कीअरचं वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तयारी पाहून लावतात. सात वर्षांच्या हलक्या मुलीला लागणारा आकडा मोठ्यांच्या बऱ्याच टूरिंग बाइंडिंगवर नसतोच, त्यांची सुरुवातच त्याच्या वर होते. बाइंडिंग सुटली नाही तर पाय पिळवटतो. तेव्हा ‘आत्ता घेऊन ठेवू, वाढेल तशी वापरेल’ हा विचार इथे चालत नाही. साध्या बाइंडिंगमध्ये बसणारे आणि चढताना टाच उचलू देणारे जोड मिळतात. जड असतात, पण मुलांचे आत्ताचेच बूट आणि स्की चालतात. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, म्हणजे स्किन, तर मोठ्यांच्या जुन्या कापून मुलांच्या मापाच्या करता येतात.

भाड्याने घ्यायचं की विकत, याचा हिशोब सोपा आहे. समजा मुलाचं सामान १०० ला पडलं, दोन हंगामांनी ४० ला गेलं, आणि भाडं दिवसाला ५ आहे. म्हणजे ६० भागिले ५, बारा दिवस. दोन हंगामांत बारापेक्षा जास्त दिवस तो खरोखर डोंगरात जाणार असेल तरच खरेदी परवडते. तुमचे आकडे घालून बघा, आणि दिवस मोजताना मनातले नको, मागच्या हंगामात घराबाहेर पडलेले मोजा. सर्दी, परीक्षा, खराब हवामान वजा करून.

आता पैसे जिथे घालायला हवेत तिथे येऊ. पहिला खर्च तुम्हा दोघांच्या हिमस्खलन प्रशिक्षणाचा, दोन-तीन दिवसांच्या कोर्सचा. दोघांच्या, एकट्याच्या नाही. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. इतक्या वेळात बाहेरची मदत सहसा पोचत नाही, शोधणारे तुम्हीच असता. तुम्ही दोघंही खाली गेलात तर वर उरतो अकरा वर्षांचा मुलगा, म्हणून सराव त्यालाही द्या. बीकन चौघांच्या अंगावर हवा, आणि शोधताना मोबाइल त्यापासून निदान अर्धा मीटर लांब, नाहीतर सिग्नल गडबडतो. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणून मुलांसोबत ३० च्या आतले उतार निवडा, तेही वर तीव्र उतार नसलेले. चढ शंभर-दीडशे मीटरचा पुरे. शिखर मुलीला नकोच असतं, तिला खाऊचा डबा उघडायची जागा हवी असते.

दुसरा खर्च विम्याचा. प्रवास विम्यात ‘राखलेल्या उतारांबाहेर’ किंवा ‘गाइडशिवाय’ हे शब्द शोधा. बऱ्याचदा ते वगळण्याच्या यादीत बारीक अक्षरात असतात, आणि हेलिकॉप्टरचं बिल तिथेच अडकतं. नवा जीवन विमा घेताना हा छंद लपवू नका, पुढे दाव्यावर वाद होतो. आणि मृत्युपत्र करा. आई-बाप दोघंही एकाच उतारावर असणार, तेव्हा मुलांचं पालकत्व कोणाकडे हे कागदावर हवं. ते केलं नसेल तर यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी करा.

तिसरी रक्कम कोणी बाजूला काढत नाही: परत फिरण्याची. मुक्काम, भाडं, गाइड असं सगळं आगाऊ भरलेलं असलं की सकाळी हिमस्खलनाचा इशारा वाढला तरी पाय मागे वळत नाही. ‘एवढे पैसे घातलेत’ हे वाक्य डोंगरात फार धोक्याचं. म्हणून रद्द करता येणारं आरक्षण थोडं महाग पडलं तरी घ्या, आणि हंगामातल्या दोन-तीन सहली बुडणार असं आधीच खर्चात धरा. हप्त्यांना माझा विरोधही यासाठीच. व्याज नसलं तरी दर महिन्याला कापली जाणारी रक्कम ‘वसूल करा’ म्हणून मागे लागते.

एवढं सगळं चालू बचतीतून भागवायचं तर पैसे जमायला सात-आठ महिने लागतील. लागू देत. तुमच्या जागी असतो तर मुलीला मी यंदा नेलंच नसतं. चढायची परवानगी असलेल्या राखलेल्या उताराच्या कडेने तिला दोरीने हलकंसं ओढत नेऊन बघा, आवडतंय का.

राहिलं ओळखीच्यांचं सामान. सगळं एकदम घ्या म्हणतील, तसं घेऊ नका. फावडी आणि प्रोब धातूचे आणि धड असतील तर बिनधास्त घ्या. स्किनचा गोंद संपला असेल तर नवा लावता येतो, त्यावर भाव पाडा. मोठ्यांचे बूट घालून अर्धा तास घरात जिने चढा-उतरा, मग ठरवा. बीकन किती वर्षांचा ते विचारा, बॅटरीचं झाकण उघडून आत गंज किंवा पांढरी पूड दिसते का बघा. तीन अँटेना नसलेला जुना असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. हेल्मेट मात्र नवंच. ते कितीदा आपटलंय हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं.