‘रिक्वायर’वर चालतंय ना, मग कशाला?

प्रश्न: आमचा प्रोग्राम पोस्टग्रेस डेटाबेसला एसएसएलमोड (कनेक्शन किती सुरक्षित हवं ते सांगणारी सेटिंग) ‘रिक्वायर’ ठेवला की मस्त कनेक्ट होतो. ‘व्हेरिफाय-फुल’ (सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि नाव दोन्ही तपासणारा मोड) केलं की आधी रूट सर्टिफिकेटची फाइल नाही म्हणतो, फाइल दिली तर होस्टचं नाव जुळत नाही म्हणून अडतो (आम्ही थेट आयपी टाकलाय). टीममधले म्हणतात डेटा एन्क्रिप्ट होतोय ना, मग सोड. सोडू का?

उत्तर: नका सोडू. डेटा एन्क्रिप्ट होतो हे खरं, पण रिक्वायरमध्ये समोर कोण बसलंय हे बघितलंच जात नाही, मधेच कोणी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करून बसला आणि पासवर्ड मागितला तर तुमचा प्रोग्राम बिनदिक्कत देऊन मोकळा होईल. तरी तुमचं बरं म्हणायचं, मोड न लिहिणाऱ्यांना डिफॉल्ट ‘प्रिफर’ मिळतो. त्यात क्लायंट 8 बाइटचा मेसेज टाकून एसएसएल चालेल का विचारतो, सर्व्हर एका अक्षरात सांगतो, ‘एस’ नाहीतर ‘एन’, आणि एन आलं की गपचूप साधं कनेक्शन, ना एरर ना काही.

आता तुमची एरर. सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरचं नाव आहे आणि तुम्ही देताय आयपी, मग जुळणार कसं? होस्टमध्ये सर्टिफिकेटवरचं नाव लिहा आणि आयपीच वापरायचा असेल तर तो ‘होस्टअ‍ॅडर’ या वेगळ्या पॅरामीटरमध्ये टाका, कनेक्शन आयपीवर जातं आणि पडताळणी नावाने होते. रूट सर्टिफिकेट म्हणजे ज्या सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने) सर्व्हरचं सर्टिफिकेट साइन केलं त्याचं, तेवढंच मागा. कोणी प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) पण मेलवर पाठवायला लागलं तर हात जोडून नको म्हणा.

एक गंमत सांगतो, होम फोल्डरमधल्या डॉट-पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात जुनी रूट डॉट सीआरटी पडलेली असेल तर रिक्वायरसुद्धा ‘व्हेरिफाय-सीए’सारखं (सीए तपासायचा, नाव नाही) वागतं. तीच सेटिंग एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर नाही आणि माणूस दिवसभर नेटवर्कला शिव्या घालत बसतो, मीही बसलोय.

सगळं झालं की ‘पीजी-स्टॅट-एसएसएल’ व्ह्यू बघा, तिथे तुमच्या कनेक्शनपुढे टीएलएसचं (म्हणजे आजच्या एसएसएलचं) व्हर्जन आणि सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) दिसायला हवा. आणि सर्व्हर हातात असेल तर पीजी-एचबीए (कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या) फाइलमधल्या ‘होस्ट’च्या ओळीच बदलून ‘होस्टएसएसएल’ करा आणि रीलोड मारा, नुसती नवी ओळ वर टाकून जुनी तशीच ठेवली तर एन्क्रिप्शनशिवाय येणारा त्या जुन्या ओळीवरून आत येतोच.